काऊन सरांनी न विचारलेला प्रश्न

माझ्या एका वाक्याने एक आमदार पडला.

नातवंडांना हे सांगितलं की ती एकमेकांना डोळा मारतात. आजी आज पुन्हा सुटली म्हणून. अरे पोट्ट्यांनो, फुशारकीच मारायची असती तर मी आमदार निवडून आणला असता, पाडला कशाला असता? तेव्हा मी बावीस वर्षांची होते, अर्थशास्त्राची बी. ए. होते, आणि जगात आपल्याला न कळणारी गोष्ट उरलेली नाही अशी माझी खात्री होती. दोन वेण्या सोडून नुकताच अंबाडा घालायला लागले होते. तेव्हापासून तर अक्कल थेट मानेवरच येऊन बसली होती. मतदानाच्या आदल्या दिवशी मी सदतीस बायकांना एक गोष्ट शिकवली. सरांसाठी, सरांवरच्या मायेपोटी. आणि सर हरले. काय शिकवलं ते सांगतेच, पण आधी सर कोण ते सांगू द्या. नाहीतर तुम्हाला नुसता माझा मूर्खपणा कळेल, नुकसान कळणार नाही.

जुमळे सर आमच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचे. आडनाव मात्र हजेरीपटापुरतंच होतं; सगळं कॉलेज त्यांना 'काऊन सर' म्हणे. आमच्या वऱ्हाडात 'का' ला 'काऊन' म्हणतात, आणि सरांचं कुठलंही बोलणं तिथूनच निघायचं. पोरगा उशिरा आला, काऊन? कांदा उतरला, काऊन? प्राचार्य रागावले, काऊन? घरचे वडनेर भोलजीचे शेतकरी. मोठ्या शहरात राहून एम. ए. झाले, पण नेलेली बोली जशीच्या तशी परत घेऊन आले. एकदा पुण्याचे एक गृहस्थ कॉलेज तपासायला आले. वर्गात मागे बसून सगळा तास ऐकला आणि शेवटी म्हणाले, "प्राध्यापकांनी निदान शिकवताना तरी शुद्ध बोलावं." सर फार नम्रपणे म्हणाले, "काऊन, समजलं नाही का तुमाले?"

उंच, किडकिडीत माणूस. खादीचा सदरा, कॉलर उलटून शिवलेली. डावा खांदा उजव्यापेक्षा दोन बोटं खाली. तो जन्मतः तसा नव्हता, त्यांच्या झोळीने केला होता. झोळीत पुस्तकं असत, चष्म्याचं घर असे, आणि एक लोखंडी वजन असे. एक किलोचं. वर्गात आले की पहिलं ते टेबलावर ठेवायचे. ठण् आवाज झाला की आम्ही गप्प.

ते वजन कशाला, हे आम्हाला मोताळ्याच्या बाजारात कळलं.

शेराची मापं जाऊन किलो आला होता, त्या वेळची गोष्ट. पहिल्याच वर्षी सरांनी विचारलं, "मागणी म्हणजे काय?" मी उठले आणि पुस्तकातली सहा ओळींची व्याख्या एका श्वासात म्हणून दाखवली. सर म्हणाले, "वा, कुसुमबाई. आता हेच गंगाबाईले सांगा." मला वाटलं, गंगाबाई ही कोणी थोर विदुषी असणार. बाजाराच्या दिवशी सरांनी आम्हाला मोताळ्याला नेलं आणि एका वांगेवालीसमोर उभं केलं. काळीसावळी, कपाळावर हे एवढं गोंदण, हिरवं लुगडं. मी घसा साफ करून सुरू केलं, "बाई, मागणी म्हणजे..."

गंगाबाई वांगी निवडता निवडता म्हणाली, "आली का वं तुले? कुठून आली? पोरगा काय करते?"

सर इतके हसले की झोळी खाली ठेवावी लागली. माझ्या व्याख्येचं त्या दिवशी जे झालं ते झालं, पण दुपारी गंगाबाईची पाटी दलालाच्या काट्यावर चढली तेव्हा सरांनी आम्हाला जवळ बोलावलं. दलाल मोजायचा किलोनं आणि भाव बोलायचा शेराचा. किलो शेरापेक्षा जड. वरचा माल त्याचा. शिवाय माती, पाणी, देठ म्हणून कडता कापायचा तो वेगळाच. मग हिशेबाच्या कागदाची पट्टी पुढे करायचा आणि गंगाबाई तिच्यावर अंगठा उमटवायची. सरांनी झोळीतलं वजन काढून पारड्यात ठेवलं. दलालाचं किलोचं वजन दुसऱ्या पारड्यात. दलालाचं पारडं जे खाली गेलं ते वर येईना.

"काऊन?" सर म्हणाले.

दलाल म्हणाला, "मास्तर, तुमी तुमचं शिकवा ना."

"तेच तं करून राह्यलो," सर म्हणाले.

अशा माणसाला लोकांनी आमदार केलं हे मला तेव्हा अगदी साहजिक वाटायचं. आता नवल वाटतं. आमचा महाराष्ट्र नवा होता, माणसांना नव्याची हौस होती. सर अपक्ष उभे राहिले. सायकलवर गावोगाव गेले. भाषण करायचे नाहीत, पारावर बसून प्रश्न विचारायचे, आणि लोक उत्तरं देता देता त्यांचे होऊन जायचे. निवडून आले तरी शिकवणं सोडलं नाही. अधिवेशन संपलं की रात्रभराच्या एस. टी.नं येऊन सकाळी पहिल्या तासाला टेबलावर ठण्.

सभागृहात विचारायचे प्रश्न ते आधी आमच्या वर्गात विचारून बघायचे. आम्ही मंत्री. त्यांनी विचारायचं, आम्ही टाळायचं. टाळण्यात माझा हात कोणी धरू शकत नव्हतं. "माहिती घेण्यात येत आहे," "हा प्रश्न या खात्याकडे येत नाही," "सन्माननीय सदस्यांनी धीर धरावा." सर कपाळाला हात लावून म्हणायचे, "कुसुमबाई, तुमी पक्क्या मंत्री व्हान." ते लिहिलेले प्रश्न मी सुवाच्य अक्षरात उतरवून द्यायचे आणि खाली, कोणी न सांगता, माझी सही ठोकायचे. वळणदार, आणि तिच्याखाली एक लांबलचक रेघ, शेवटी दोन टिंबं. सर ती फाडून घ्यायचे. "ही सही हाय का पातळाचा काठ? रेघ नका मारत जाऊ."

एकदा नागपूरच्या अधिवेशनात त्यांनी ते वजन सभागृहात न्यायचं ठरवलं. दारवानाने अडवलं. ही गोष्ट सर आम्हाला दोन्ही आवाज काढून सांगायचे.

"साहेब, हे आत नेता येणार नाही."

"काऊन?"

"कोणाच्या डोक्यात घातलं म्हणजे?"

"मंग त्याले किलो समजल."

दारवान हसला, पण वजन ठेवून घेतलं. सर रिकाम्या हाताने आत गेले आणि मोकळी मूठ वजन धरल्यासारखी वर करून बोलले. मागणी साधी होती: मोताळ्याच्या बाजारात एक सरकारी काटा बसवा. दलालाकडे जाण्याआधी कोणत्याही बाईला आपली पाटी तिथे फुकट मोजता यावी. पाच वर्षं ते एवढं एकच मागत राहिले. शेवटच्या वर्षी सभागृहात आश्वासन मिळालं. काटा यायचा होता, यायचा राहिला, आणि दुसरी निवडणूक आली. सर पारापारावर सांगायचे, "मले कायी नको. काटा येईपर्यंत ठेवा, मंग काढून टाका."

त्याच पाच वर्षांत त्यांनी गंगाबाईच्या गावात रविवारी दुपारचा वर्ग काढला होता. गावाचं नाव मी लिहिणार नाही. सरांनी जे झाकलं ते मी उघडणार नाही. का, ते पुढे येईल. शाळेच्या ओसरीवर सदतीस बायका बसायच्या, सगळ्या भाजीवाल्या. जमिनीचा तुकडा त्यांचा, पण विहिरीचं पाणी गावच्या मोठ्या मळेवाल्याचं, आणि तो सरांच्या विरुद्ध बाजूचा. शिकवायचे सर, आणि ते अधिवेशनाला गेले की मी. सर पहिल्या दिवशी म्हणाले होते, "बायाहो, अंगठा लावला का तुमी त्या कागदात नाही. कागद पुढं आला का पयलं आपलं नाव लिवा." गंगाबाईला स्वतःचं नाव लिहायला सात रविवार लागले. ज्या दिवशी आलं त्या दिवशी तिने ते ओसरीच्या भिंतीवर, चुलीच्या कोळशाने, बारा वेळा लिहिलं. दलालाच्या पट्टीवर पहिल्यांदा सही केली तेव्हा दलालाने पट्टी उलटसुलट करून पाहिली, म्हणे.

आता माझं वाक्य.

मतदानाच्या आदल्या दिवशी सरांनी मला दोन कागद दिले. मत कसं द्यायचं त्याच्या सूचना. "बायकांना वाचून दाखवा. दोन्ही पानं." मी तिथे पोचले. ऊन फार होतं. अर्थशास्त्राच्या पदवीधराला शिक्का मारायचं कोण शिकवणार? पहिलं पान निम्मं वाचलं, आणि मग त्या कागदांनी वारा घेत बसले.

गंगाबाई म्हणाली, "बाई, शिक्का तं कोनीबी मारते. मंग सरले कसं समजल, हा शिक्का माहा हाय म्हनून?"

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मला प्रश्न फारच आवडला. मी अंबाडा सावरला आणि म्हणाले, "शिक्क्याच्या बाजूला सही करा की! सही शिकलात कशाला मग? कागद पुढं आला की काय करायचं, सर काय सांगतात?"

"नाव लिवाचं!" सदतीस जणी एकदम.

दुसऱ्या पानावर लिहिलं होतं की शिक्क्याखेरीज कागदावर काहीही लिहू नये, नाव लिहिलेलं मत बाद होतं. ते मी नंतर वाचलं.

माझा उत्साह बघा. तिथे थांबले नाही. वर्गाच्या पेटीत एकोणीस शिसपेन्सिली होत्या. गंगाबाईचा अडकित्ता घेतला, एकेक पेन्सिल सुपारीसारखी मधोमध कापली, दोन्ही तुकड्यांना टोक काढलं आणि प्रत्येकीच्या हातात एकेक दिला. एक तुकडा उरला. दुसऱ्या दिवशी त्या बायका ठेवणीतली लुगडी नेसून रांगेत उभ्या होत्या, आणि पेन्सिलीचे तुकडे कोणाच्या अंबाड्यात, कोणाच्या बांगड्यांत. बाहेर आल्या त्या लग्नघरातून आल्यासारख्या. गंगाबाई माझ्या कानाशी लागून म्हणाली, "पुरं नाव लिवलं वं. नवऱ्याचं नाई, माहंच." मी माझ्या गावी जाऊन माझं मत दिलं. आयुष्यातलं पहिलं मत. त्यावर फाउंटन पेनने सही केली. रेघेसकट.

मोजणीच्या दिवशी आम्ही कचेरीच्या फाटकाबाहेर उभे होतो. पेढ्यांचा पुडा माझ्याच हातात होता. आत सर आणि त्यांचे प्रतिनिधी म्हणून आमच्या कॉलेजचे ग्रंथपाल भास्करराव. दुपारी भास्करराव बाहेर आले ते टोपी हातात घेऊन.

"एकोणतीस मतांनी गेलं," ते म्हणाले. "अन् अडतीस बाद झाले. सगळे आपले. सह्या केल्या बायकांनी! मताच्या कागदावर सह्या!"

गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "शिकवा अजून अडाण्याईले!" आणि लोक हसले. आमचेही लोक हसले. रागाने हसले, पण हसले.

माझ्या तोंडात जीभ होती. तीच, जी मंत्री होऊन फडाफडा उत्तरं द्यायची. तिला एवढंच म्हणायचं होतं की अडाणी त्या नव्हेत, मी. ती हलली नाही. पेढ्याच्या पुड्याची सुतळी मी बोटाला गुंडाळत राहिले, बोट पांढरं पडेपर्यंत.

सर बाहेर आले. झोळी खांद्याला. भास्करराव त्यांच्या पुढे आडवे झाले. "सर, कोर्टात जाऊ. शिक्का तुमच्यावर हाय, मत कोणाले ते आंधळ्यालेही दिसते. मी वकील पाहतो."

"नाही."

"काऊन नाही?" सरांचाच शब्द भास्कररावांनी सरांना मारला.

सरांनी त्यांना बाजूला घेतलं. मी दोन हातांवर होते. "नियम बरोबर हाय. मत कोणाचं ते कोणाले समजू नये. अन् कोर्टात गेलो तं ते कागद पुन्हा निघतीन. नावं वाचतीन. त्या बायाईले नागपूरले नेऊन पिंजऱ्यात उभं करतीन अन् विचारतीन, तू कोणाले मत देल्लं? मळ्याचं पाणी कोणाचं हाय, माहीत हाय ना तुमाले? नावं अजून कोणाच्या डोळ्याखालून गेली नाईत. मी त्या कागदाईवर कायी बोललो नाई, म्हणून कोणी वाकून पाह्यलं नाई. आता ते गठ्ठ्यात बांधले. तिथंच राहू द्या."

एवढं बोलून त्यांनी माझ्या हातातला पुडा घेतला, सुतळी सोडली आणि फाटकावरच्या शिपायाला पेढा दिला. "घ्या. तुमी दिवसभर उभे हाय."

पुढच्या रविवारी सर वर्गाला गेले. मला जायचं नव्हतं, पण न जाण्याचं कारणही सुचेना. सदतीस बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या, पाट्या बाहेर काढलेल्या नव्हत्या. गंगाबाई उठून आली आणि सरांच्या पायांवर वाकली.

"सर, आमच्या नावानं तुमचं घर बुडालं व?"

मी खांबाशी उभी होते. आता ते विचारणार. पाच वर्षं ज्या माणसाने कांद्याला, मंत्र्याला, दारवानाला विचारलं तो आता विचारणार: सह्या केल्या, काऊन? आणि गंगाबाई माझ्याकडे बोट दाखवणार. गंगाबाईने माझ्याकडे पाहिलंसुद्धा. एकदाच. मग मान खाली घातली.

सरांनी विचारलं नाही.

ते म्हणाले, "उठा, गंगाबाई. पाट्या काढा सगळ्या. आज आपण 'सरकारी काटा' लिवू." आणि फळ्याकडे वळले. खडू दोनदा मोडला. बायका लिहायला लागल्या, आणि मी, देवा, मी सुटकेचा श्वास सोडला. यांना कळलं नाही. मी वाचले. असं वाटलं मला. त्या श्वासाची मला आजही जेवढी लाज वाटते तेवढी त्या वाक्याचीसुद्धा वाटत नाही.

सर पुन्हा नुसते मास्तर झाले. कोर्टात गेले नाहीत म्हणून लोक म्हणाले, आतून काहीतरी ठरलं असणार, म्हणून गप्प बसला. हे त्यांच्या कानावर जायचं. ज्या माणसाला प्रत्येक गोष्टीचं कारण लागायचं त्याने स्वतःचं कारण कोणालाही दिलं नाही. भास्कररावांनाही त्यांनी गप्प बसवलं होतं. माझं दुसरबीडच्या एका शाळामास्तरांशी लग्न ठरलं. सर लग्नाला आले, डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "सुखी राहा, कुसुमबाई. अन् सहीखाली रेघ मारत नका जाऊ." मांडवातले सगळे हसले. मीही हसले.

काटा आला मोताळ्याला. पुष्कळ वर्षांनी, दुसऱ्याच कोणाच्या खटपटीने. तोपर्यंत गंगाबाईला पाटी डोक्यावर घेणं होत नव्हतं.

सरांना मी शेवटचं पाहिलं ते एस. टी.च्या खिडकीतून. माहेरी निघाले होते, मांडीवर पोर. बाजाराचा दिवस म्हणून मोताळ्याला गाडी गर्दीत अडकली. भाजीच्या ओळीत एका म्हातारीपुढे सर उकिडवे बसले होते. डोक्यावर केस राहिले नव्हते. झोळीतून त्यांनी वजन काढलं, तिच्या तराजूत ठेवलं, आणि काटा स्थिर व्हायची वाट बघत राहिले. हात त्यांनी पाठीमागे बांधून घेतले होते. मला उतरता आलं असतं. कंडक्टर ओळखीचा होता, थांबला असता. उतरायचं, त्यांच्या शेजारी बसायचं आणि सांगायचं, सर, ते मी शिकवलं होतं. पोर झोपलंय, मी स्वतःला म्हटलं. पोर टक्क जागं होतं. गाडी सुटली. खाली गेलेला तो डावा खांदा वळणापर्यंत दिसत होता.

त्यानंतर सर गेल्याचंच कळलं. तेरवीला मी गेले. सरांच्या बायकोला आम्ही सगळे काकू म्हणायचो. माणसं पांगल्यावर त्या मागच्या ओट्यावर एकट्या बसल्या होत्या. कोनाड्यात ते वजन होतं. मी त्यांच्यासमोर बसले आणि इतक्या वर्षांत कधी न हललेली जीभ एकदाची हलवली. दोन कागद, वारा घेणं, अडकित्ता, पेन्सिली, सगळं. उरलेला तुकडा मी जपून ठेवला होता, तो त्यांच्या हातात दिला. रडत होते, त्यामुळे अर्ध्याहून जास्त त्यांना समजलं नसणार असं मला वाटलं.

काकूंनी तो तुकडा उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाल्या:

"हे मले त्याच दिवशी माहीत झालं होतं, पोरी. निकाल ऐकून घरी आले, पाय धुतले, भाकर मागतली. मी रडून राह्यली होती. म्हणे, रडू नको. ते अडतीस कागद म्या एकेक पाह्यले अन् उलटे करून ठेवले. एक आपल्या कुसुमबाईचा होता, खाली रेघ मारेल. तिनंच सांगतलं असन त्याईले. तिले कधी विचारजो नको, मीबी नाही विचारणार. मंग भाकर मोडली. अन् मले म्हणे, बाकीच्या सदतीस होत्या वं. एकीनंबी अंगठा नाही लावला."